शाश्वत विकास शिकायचाय? आधी एक जागा धरा

जागतिक शाश्वत विकास या विषयात एम.ए. करायला इंग्लंडला चालले आहे, असं सांगितल्यावर मानेवाड्याच्या आमच्या शेजारच्या काकूंनी विचारलं होतं, "म्हणजे झाडं लावाचा कोर्स व्हय का?" तेव्हा मी हसले. पण आता माझ्याकडे चौकशीला येणाऱ्या बहुतेक पोरापोरींची कल्पनाही याहून फार लांब नसते. झाडं, प्लास्टिकबंदी, सोलर पॅनल आणि भिंतीवरचं ते सतरा रंगीत चौकोनांचं पोस्टर.

माझं बी.एस्सी. नागपूरचं, भूगर्भशास्त्र घेऊन. मग तो एम.ए., आणि आता परत नागपुरात, भूजलाच्या कामात. दिवाळीच्या आगेमागे फोन सुरू होतात: ताई, हा कोर्स करू का, कसा करू, करून होते काय? प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

कोर्समध्ये असतं काय

चार विषयांची मिसळ असते: अर्थशास्त्र, परिसंस्थांचं विज्ञान, राजकारण-कायदा आणि संख्याशास्त्र. कुठल्या विद्यापीठात कशाचं प्रमाण जास्त, एवढाच फरक. सुरुवातीच्या आठवड्यांत इतिहास होतो. १९७२ ची स्टॉकहोम परिषद, जिथे इंदिरा गांधी बोलल्या होत्या. १९८७ चा ब्रुंटलँड आयोगाचा अहवाल, ज्यात 'पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणं' अशी शाश्वत विकासाची व्याख्या आली. १९९२ ची रिओ परिषद, संयुक्त राष्ट्रांची २०१५ ची १७ उद्दिष्टं (पोस्टरवरचे ते सतरा चौकोन) आणि त्यांच्या पोटातली १६९ लक्ष्यं. हे सगळं एका आठवड्यात पाठ होतं आणि पाठ झालं की आपल्याला विषय आला असं वाटायला लागतं. खरा अभ्यास सुरू होतो तो ही उद्दिष्टं एकमेकांच्या अंगावर येतात तिथून. शेतकऱ्याचं उत्पन्न वाढवा हे एक उद्दिष्ट, पाणी जपा हे दुसरं. दोन्ही बरोबर, आणि एकाच शेतात दोघांची मारामारी.

एक गोष्ट मनाशी ठेवा. परदेशी वर्गात बसलात की तुम्ही आपोआप भारताचे वकील ठरता. कोळशाचा विषय निघाला की सगळ्या माना तुमच्याकडे वळतात. माणशी कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन भारतात वर्षाला साधारण दोन टन आणि अमेरिकेत त्याच्या सहा-सातपट, हे उत्तर तयार ठेवा. रिओत १९९२ साली मान्य झालेलं 'जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही' हे तत्त्वही. पण तेवढ्यावर थांबू नका. माणशी सरासरी ही मलबार हिलची आणि मेळघाटची मिळून काढलेली असते, हे एखादी ब्राझीलची मुलगी तुम्हाला विचारेल, आणि ते विचारणं योग्यच आहे.

जाण्यापूर्वी काय वाचावं? तुमचं ज्यात अंग नाही ते. विज्ञानवाल्यांनी बारावीचं अर्थशास्त्राचं पुस्तक काढून बसावं. बी.ए. वाल्यांनी कार्बनचं चक्र आणि संख्याशास्त्राची तोंडओळख करून घ्यावी. पदवीला सगळ्यांनाच असतो तो पर्यावरणाचा पेपर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशामुळे आला. तो आपण गाइड वाचून उरकतो. या विषयाकडे जायचं असेल तर तो तरी नीट वाचा, फुकटची सुरुवात आहे.

एक जागा धरा

या लेखातलं फक्त एकच ऐकायचं असेल तर हे ऐका. कोर्स सुरू होण्याआधी एक जागा निवडा आणि कोर्स संपेपर्यंत ती सोडू नका. प्रत्येक सिद्धांत, प्रत्येक निबंध, प्रत्येक आलेख त्या जागेवर नेऊन घासून पाहा. नाहीतर दोन वर्षांत तुम्ही 'समावेशक', 'लवचीक', 'भागीदारी' असले शब्द अस्खलित बोलायला शिकता आणि हाती काही लागत नाही. असे पदवीधर मी बरेच पाहिले आहेत. परिषदेत छान बोलतात.

माझी जागा म्हणजे वरूडकडचा मामाचा संत्र्याचा बगीचा. लहानपणी सुट्टीत जायचे, म्हणून निवडला. अभ्यासाची थोर जागा वगैरे काही डोक्यात नव्हतं. तिथे काय काय सापडत गेलं ते सांगते, म्हणजे पद्धत कळेल.

पहिलं पाणी. मामाच्या बगीच्यात आजोबांनी खणलेली विहीर आहे, चाळीसेक फूट खोल. उन्हाळ्यात तिचा तळ दिसतो. तिच्या बाजूला बोअर आहे, सातशे फुटांच्या खाली गेलेलं. आपल्याकडचा काळा दगड पाणी धरतो तो भेगांमध्ये आणि सच्छिद्र थरांमध्ये. एकाच्या बोअरनं भेग पकडली की शेजारच्याचं आटतं. वरूड-मोर्शी पट्टा भूजलाच्या अतिउपशासाठी कुप्रसिद्ध आहे, सरकारी भाषेत डार्क झोन. महाराष्ट्राच्या भूजल कायद्यानं ६० मीटरपेक्षा खोल विहिरीवर बंधन घातलं आहे. ६० मीटर म्हणजे जेमतेम दोनशे फूट. आता कायदा दोनशे फुटांवर आणि पाणी सातशे फुटांवर. यातून 'पर्यावरण प्रशासन' नावाचा अख्खा पेपर मला समजला, पुस्तक उघडण्याआधी.

दुसरं ठिबक. सूक्ष्म सिंचनानं पाणी वाचतं, म्हणून अनुदान मिळतं, अहवालात ते यश म्हणून नोंदवलं जातं. मामानं ठिबक बसवलं. झाडाला लागणारं पाणी खरंच कमी झालं. मग त्यानं पलीकडच्या पडीक तुकड्यात आणखी दोन एकर कलमा लावल्या. मी विचारलं तर म्हणाला, "पोरी, वाचलं पानी त मंग तसंच ठिऊ का?" इंग्लंडमध्ये अर्थशास्त्राच्या वर्गात जेव्हन्स हा जुना इंग्रज अर्थशास्त्रज्ञ शिकवला गेला, तेव्हा मला मामा आठवला. जेव्हन्सनं १८६५ साली कोळशाबद्दल लिहिलं होतं की वाफेची यंत्रं कमी कोळशात चालायला लागली की कोळशाचा एकूण वापर घटण्याऐवजी वाढतो, कारण यंत्रं परवडायला लागतात. वर्गात बाकीच्यांना तो विरोधाभास वाटत होता. मला दोन एकर कलमा दिसत होत्या.

तिसरं बाजार, आणि 'जागतिक' या शब्दाला वजन येतं ते इथे. नागपुरी संत्र्याचा मोठा परदेशी गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेश. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं, तेल-धान्य महागलं, बांगलादेशाची डॉलरची गंगाजळी घसरायला लागली, आणि त्यांनी बाहेरून येणाऱ्या फळांसारख्या 'चैनीच्या' मालावर शुल्क चढवलं. संत्र्यावरचं शुल्क आधीच वाढत होतं. २०२३ च्या हंगामात तर व्यापाऱ्यांना तिकडे माल पाठवणंच परवडेना. माल देशातच राहिला, नागपूरच्या कळमना बाजारात भाव कोसळले. महाराष्ट्र सरकारनं त्या शुल्काच्या निम्म्या रकमेचं अनुदान जाहीर करण्यापर्यंत प्रकरण गेलं. म्हणजे कीव्हजवळचा रणगाडा, ढाक्याची तिजोरी आणि वरूडच्या झाडाखाली पडलेला संत्रा, तिघे एका ओळीत. व्यापाराच्या सिद्धांताची पुस्तकं मी नंतर वाचली आणि भराभर वाचली, कारण प्रश्न आधीपासून माझ्याकडे होता.

चौथं हवामान. आंबिया बहारासाठी, म्हणजे उन्हाळ्याआधीच्या फुलोऱ्यासाठी, बगीचा ताणावर सोडतात, म्हणजे पाणी तोडतात, मग पुन्हा पाणी देऊन झाडाला फुलवतात. या ताणाच्या वेळीच अवकाळी पाऊस झाला की ताण मोडतो आणि बहार बिघडतो. मृग बहाराचं, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरच्या फुलोऱ्याचं, गणित सगळं पावसाच्या येण्यावर. हवामानबदलाचे आलेख सरासरी तापमान दाखवतात. मामाला सरासरीशी देणंघेणं नाही, त्याला पाऊस कधी येतो त्याच्याशी आहे. हा फरक मी प्रबंधात लिहिला आणि परीक्षकांना प्रबंधातला तोच भाग सगळ्यात आवडला.

तुमची जागा कशी असावी? बसनं जाता यावी, कारण पैसे संपतात. तिथे पाणी, पैसा आणि कायदा, तिन्ही गुंतलेले असावेत. आणि तिथे एक तरी माणूस असा हवा जो तुमचं ऐकून "काहीतरीच काय बोलून राहिली" म्हणेल. आकारानं लहान ठेवा. 'विदर्भ' ही जागा नव्हे. 'विदर्भातली शेती' तर अजिबातच नव्हे.

नागपूरच्या आसपास अशा जागांना तोटा नाही. अंबाझरी तलाव घ्या: २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे पाऊस कोसळला, तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत घराघरात पाणी शिरलं. तेच नाग नदीचं पाणी शहराची घाण घेऊन कन्हानला, तिथून वैनगंगेला आणि शेवटी गोसेखुर्दच्या जलाशयाला मिळतं. गोसेखुर्दची पायाभरणी १९८८ साली राजीव गांधींच्या हातून झाली. सुरुवातीचा अंदाज ३७२ कोटींचा होता, पुढे तो हजारो कोटींत गेला. नगरनियोजन, प्रदूषण, विस्थापन, सार्वजनिक खर्च, सगळं एका प्रवाहात बसतं.

इंजिनीयरिंगवाल्यांनी भांडेवाडी पाहावी. तिथे शुद्ध केलेलं शहराचं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, म्हणजे तेवढं धरणाचं पाणी मोकळं राहतं. कायद्याकडून येणाऱ्यांनी अजनी वनाचं प्रकरण काढावं: रेल्वेस्थानकाचा मोठा प्रकल्प, त्यासाठी तोडायची झाडं आणि रस्त्यावर उतरलेले नागपूरकर. मेट्रोसुद्धा चालेल, तिला जर्मनीच्या केएफडब्ल्यू आणि फ्रान्सच्या एएफडी या विकास बँकांचं कर्ज आहे. हवामान-वित्त, म्हणजे हवामानबदलाला तोंड द्यायला उभा केलेला पैसा, कसा येतो, हे सीताबर्डीच्या स्टेशनवर उभं राहून समजून घेता येतं.

आणि मामा तलाव! माझ्या मामाचे नव्हेत, माजी मालगुजारी. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून जास्त तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून बांधले गेले, कोहळी समाजाचा त्यात मोठा हात. गावानं बांधायचे, गावानं सांभाळायचे. १९५० च्या सुमारास मालगुजारी, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, गेली, तलाव सरकारकडे आले, आणि गाळ कोणी काढायचा हा प्रश्न अनाथ झाला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या मुलांनी हा विषय सोडू नये. आपल्या घराजवळ इतकी श्रीमंत सामग्री असताना काही मुलं ॲमेझॉनच्या जंगलावर प्रबंध लिहितात आणि मला त्यांचा थोडा रागच येतो.

सिद्धांत आपल्या अंगणात आणा

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं नाव तुम्हाला पहिल्याच सत्रात भेटेल. सामायिक मालमत्ता लोक ओरबाडून संपवतातच असं नाही, नियम त्यांनी स्वतः केले असतील तर ते ती पिढ्यान्‌पिढ्या टिकवतात, हे त्यांनी जगभरच्या उदाहरणांवरून दाखवलं. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, अर्थशास्त्रात ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्याच वर्षी आपल्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं तेच गाव. स्वतःच्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार त्यांच्या हाती यायला २०११ उजाडलं.

आता यावरून प्रश्न काढा. मेंढ्याचं जंगल सांभाळलं जातं आणि वरूडचं भूजल का नाही? जंगलाची हद्द दिसते, चोरून तोडणारा दिसतो. जमिनीखालचं पाणी दिसत नाही, आणि जमीन ज्याची त्याचं पाणी असा समज घट्ट बसलेला. शिवाय मेंढ्यात सगळं गाव एकत्र बसून, सगळ्यांच्या संमतीनं ठरवतं. वरूडला बोअर मारायचा निर्णय प्रत्येक जण रात्री आपापल्या घरात घेतो. हा माझा पहिला चांगला निबंध. तयार उत्तर कुठल्या पुस्तकात नव्हतं, म्हणून चांगला झाला.

या विषयाची सुरुवात १९८७ मध्ये झाली असं कोणी सांगितलं तर वर्ध्याकडे बोट दाखवा. तिथल्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा हे गांधीवादी अर्थतज्ज्ञ ग्रामोद्योगाचं काम करत होते आणि निसर्गाच्या साठ्यावर जगणारी अर्थव्यवस्था टिकत नाही, त्याच्या प्रवाहावर जगणारी टिकते, अशा अर्थाची मांडणी त्यांनी १९४० च्या दशकात केली होती. नागपूरहून वर्धा रेल्वेनं तासा-दीड तासाचा रस्ता. तिथे आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. जाऊन या. पण भक्तिभावानं कुमारप्पा उद्धृत करू नका. त्यांचं कुठे जमलं नाही हेही लिहा, परीक्षकाला तेच हवं असतं.

आकड्यांची भीती घालवा

३० मे २०२४ ला नागपुरातल्या दोन स्वयंचलित हवामान केंद्रांवर ५६ आणि ५४ अंश तापमान दिसलं. देशभर बातम्या, मोबाइलवर नुसता धुरळा. शहराच्या आसपासची दुसरी केंद्रं त्याच दिवशी ४४ च्या घरात होती. मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडले होते. नागपूरचा नोंदलेला उच्चांक २३ मे २०१३ चा, ४७.९ अंश. ज्याला हे ठाऊक होतं त्याला ५६ वाचताक्षणीच शंका आली. संख्याशास्त्र तुम्हाला लागणार आहे ते मुख्यतः अशा शंकेसाठी. सूत्रं संगणक करतो.

एक्सेल नीट शिका, मग आर ही संख्याशास्त्राची संगणकभाषा, आणि क्यूजीआयएस हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर. तिन्ही शिकायला विद्यापीठात पोचायची वाट पाहू नका. सरावासाठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीची जिल्हावार पत्रकं घ्या. नागपूर आणि गडचिरोली शेजारी शेजारी ठेवा. मग नीती आयोगाचा शाश्वत विकास निर्देशांक उघडा, तो २०१८ पासून निघतो, आणि महाराष्ट्राला मिळालेल्या एका आकड्यात हे दोन जिल्हे कुठे दडले ते शोधा. ही एक दुपार तुम्हाला निर्देशांकांबद्दल जे शिकवेल ते व्याख्यानात मिळत नाही.

आंतरराष्ट्रीय अहवाल वाचताना आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलाच्या समितीच्या, हजारो पानांना घाबरू नका. धोरणकर्त्यांसाठीचा सारांश आधी, मग आशियाचं प्रकरण, बाकीचं गरज पडेल तसं. आणि 'बऱ्यापैकी खात्री', 'मध्यम खात्री' असे शब्द तिथे ठरलेल्या अर्थानं येतात, ते अर्थ एकदा समजून घ्या.

नागपूरकरांना एक मोठी सोय आहे, तिचा फायदा घ्या. नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, इथे आहे; १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संस्था म्हणून सुरू झाली, १९७४ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. अमरावती रोडवर मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था आणि लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था. वर्धा रोडवर कापसाची. व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेच्या आवारात महाराष्ट्राचं सुदूर संवेदन, म्हणजे उपग्रहचित्रांचं, केंद्र. केंद्रीय भूजल मंडळाचं विभागीय कार्यालयही शहरात. राज्याची भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. इतक्या संस्था एका शहरात असण्याची चैन पुण्या-मुंबईच्या मुलांनाही सहज मिळत नाही. नुसतं "माहिती द्या" म्हणून जाऊ नका, कोणी उभं करणार नाही. तालुका कोणता, वर्षं कोणती, कशाची आकडेवारी, हे एका कागदावर लिहून न्या. महाविद्यालयाचं पत्र सोबत ठेवा.

लिहिणं आणि मार्क

आपली सवय म्हणजे प्रश्न दिसला की प्रस्तावना, मुद्दे, उपमुद्दे, निष्कर्ष. तिकडे विचारतात: तुझं म्हणणं काय? निबंधाच्या पहिल्या परिच्छेदातच ते स्पष्ट यावं लागतं आणि पुढचं सगळं त्याच्या बाजूनं किंवा त्याची परीक्षा घेत जावं लागतं. दुसऱ्याचं वाक्य संदर्भ न देता उचललं तर पोरकटपणा म्हणून सोडत नाहीत, गुन्हा म्हणून चौकशी लावतात. कोण काय म्हणालं याची नोंद पहिल्या दिवसापासून झोटेरोसारख्या मोफत साधनात ठेवा.

घरच्यांना आधीच एक सांगून ठेवा: ब्रिटनच्या एम.ए. ला ५० ला पास, ६० ला मेरिट आणि ७० ला डिस्टिंक्शन. मी ६८ सांगितल्यावर बाबा फोनवर बराच वेळ गप्प होते. नंतर समजावलं, पण त्यांना पटलं असं वाटत नाही.

गटातलं काम भरपूर असतं. एक नायजेरियाची इंजिनीयर, एक जर्मन तत्त्वज्ञानवाला, एक चीनची अर्थशास्त्राची मुलगी आणि तुम्ही. भांडणं होणारच. कामाची वाटणी लिहून घ्या, बस.

लोकांशी बोलताना

मुलाखती घेण्याआधी परदेशी विद्यापीठात नैतिक परवानगीचा अर्ज मंजूर करून घ्यावा लागतो. त्याला आठवडे लागतात, म्हणून उन्हाळ्यात नागपूरला यायचं असेल तर तो अर्ज हिवाळ्यात टाका. संमतीपत्र मराठीत करा, आणि असं मराठीत की माणसाला वाचून समजेल. सरकारी मराठीतलं संमतीपत्र पाहून आमच्याकडचे शेतकरी सात-बारा आणायला उठतात.

तोडा सुरू असताना बगीच्यात मुलाखत मागू नका. संध्याकाळी पानठेल्यावर थांबा, किंवा सकाळी तर्री-पोह्याच्या टपरीवर. रेकॉर्डर काढायच्या आधी अर्धा तास पाऊस, भाव आणि लग्नकार्यं. बोअर किती खोल, हा प्रश्न थेट विचारला तर कायद्याच्या भीतीनं खोटं उत्तर येतं. "पाइप किती लागले?" विचारा. पाइपांची संख्या कोणी लपवत नाही, उलट खर्चाचं दुःख म्हणून सांगतात. अर्थात, मग ती माहिती नाव-गाव झाकूनच वापरायची. तुमच्या प्रबंधामुळे कोणाच्या दारात नोटीस यायला नको.

बायकांशी वेगळं बोला, पुरुष समोर नसताना. बगीचा घरच्या पुरुषाच्या नावावर, पण निंदण, वेचणी आणि पिण्याच्या पाण्याची धावपळ त्यांच्या वाट्याची. मामीनं मला सांगितलं की बोअर लागल्यापासून गावातला हापसा उन्हाळ्यात लवकर कोरडा पडतो. मामानं हे कधीच सांगितलं नव्हतं.

कुठे, कशाच्या जोरावर, आणि पुढे काय

परदेशातच जायला हवं असं नाही. दिल्लीची टेरी (ऊर्जा आणि पर्यावरणाची संस्था), मुंबईची टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था), बंगळूरचं अझीम प्रेमजी विद्यापीठ, आयआयटी मुंबईचं ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र सितारा, भोपाळची वन व्यवस्थापन संस्था, प्रत्येकाचा बाज वेगळा. गावात राहून काम करायचंय तर सितारासारखी जागा बघा, धोरणाकडे जायचंय तर टिस किंवा अझीम प्रेमजी. पदवीपासूनच हा विषय घ्यायचा असेल तर ब्रिटनमध्ये वॉरिकसारखी विद्यापीठं आहेत, पण माझं वैयक्तिक मत असं की पदवी एका भक्कम विषयात करावी आणि हा विषय नंतर घ्यावा. भूगर्भशास्त्र नसतं तर मला बोअरचं काही कळलं नसतं.

पैशाशिवाय परदेशाचा विचार करू नका, पण शिष्यवृत्त्या आहेत. चेव्हनिंगला, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीला, दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिकून दोन वर्षांसाठी भारतात परतावं लागतं. जर्मनीच्या डाड (DAAD) या शैक्षणिक देवाणघेवाणीच्या संस्थेची विकासविषयक अभ्यासक्रमांची शिष्यवृत्ती आहे, तिथेही साधारण दोन वर्षांचा अनुभव बघतात. युरोपची इरास्मस मुंडुस आहे. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या सूचना मात्र ओळ न्‌ ओळ वाचा: २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास असे विषय त्यातून वगळले गेले. अर्जातला तुमचा विषय कसा मांडला आहे, यावर बरंच ठरतं.

नोकरी? खरं सांगते, नागपुरात कमी आहेत. मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावेत या कंपनी कायदा २०१३ च्या नियमामुळे सीएसआरची कामं आहेत. सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून शाश्वततेचा अहवाल बंधनकारक केल्यापासून सल्लागार कंपन्यांत भरती वाढली, पण ती बहुतेक मुंबई, पुणे, गुरगावला. त्यातलं बरंच काम म्हणजे एक्सेलचे रकाने भरणं. युरोपनं ऑक्टोबर २०२३ पासून पोलाद, ॲल्युमिनियमसारख्या मालाच्या कार्बनचा हिशेब मागायला सुरुवात केली, त्यामुळे कारखान्यांनाही माणसं लागू लागली आहेत. ज्यांना शेतात, पाण्यात, गावात राहायचंय त्यांना पगार कमी आणि काम पुष्कळ. दोन्ही माहीत असून निवडा.

अर्जातलं निवेदन लिहिताना 'लहानपणापासून मला निसर्गाची आवड' हे वाक्य काढून टाका. ते सगळेच लिहितात. तुमच्या जागेतल्या एका अडचणीनं सुरुवात करा: ठिबक आलं आणि उपसा वाढला, किंवा तलाव सरकारकडे गेला आणि गाळ साचला. मग लिहा की हे समजून घ्यायला तुम्हाला कोणता पेपर हवा आहे आणि तो त्याच विद्यापीठात का. शिफारसपत्रासाठी अशा सरांकडे जा ज्यांनी तुम्हाला एखादा प्रकल्प करताना पाहिलं आहे. विभागप्रमुखांच्या दोन ओळींपेक्षा त्यांचं एक पान जास्त चालतं. चेव्हनिंगचे अर्ज साधारण ऑगस्टमध्ये उघडतात, ब्रिटनच्या विद्यापीठांचे त्यानंतर, सीयूईटी पीजी या आपल्याकडच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचे हिवाळ्यात. पासपोर्ट नसेल तर आजच अर्ज टाका, आणि विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या गुणांचा अधिकृत उतारा) मागायचे असतील तर दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आत मागा.